करकर वाजणारा जोडा

आमच्या घरात मारायला काहीही चालायचं. हात, काठी, चुलीतलं लाकूड, ओल्या चामड्याची वादी. बाप मायला मारायचा, माय आम्हा पोरांना मारायची, आणि आजा हातात जोर होता तोवर बापाला मारायचा. बापाला तेव्हा दोन लेकरं होती. चालत नव्हता तो फक्त जोडा. पायातलं काढून कुणी कुणावर उगारलं की आजा खाटेवरून ओरडायचा, "ठेव खाली! हात नाईत का तुले?"

शेजारच्यांना वाटायचं, चांभारच ते, चामड्याला देव मानतात. तेही खरं आहे. दसऱ्याला आमच्याकडे चामडं कापायची रापी, टोचायची आरी आणि कलबूत, म्हणजे जोडा ज्याच्यावर चढवतात तो लाकडी पाय, हे सगळं पाटावर मांडून त्याला हळदकुंकू वाहतात. पण जोडा न उगारण्याचं कारण दुसरं होतं आणि ते घरात खुंटीवर टांगलेल्या एका पिशवीत होतं.

मी चांभाराची मुलगी. हा शब्द मी लिहिताना खोडत नाही आणि बोलताना गिळत नाही. आमच्या घरात कॉलेज पास झालेली मी पहिली, आणि ते मी कुणाच्या मेहरबानीने झालेले नाही. आता वर्ध्याला शिकवते, नालवाडीला राहते. वर्गातल्या पोरांना माझी एक सवय माहीत आहे: कुणी बोलायला लागलं की मी मान डावीकडे वळवून उजवा कान पुढे करते. डाव्या कानाने अर्धंच ऐकू येतं. ते का, हेही याच गोष्टीत येतं.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यातलं, जामच्या चौकापासून पायी जाण्यासारखं. इंग्रजांच्या राज्यात गावाला मालगुजार होता. गावाचा वसूल तो गोळा करायचा आणि गाव त्याच्या मालकीचंच समजायचा. माझा पणजा गावाचे जोडे करायचा. मालगुजाराच्या पायाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. मालगुजार राखेवर पाय उमटवून बाजूला व्हायचा, मग पणजा कडब्याच्या काडीने त्या उमटलेल्या पायाचं माप घ्यायचा. लांबीची एक काडी, रुंदीची एक. घरी येईपर्यंत काड्या मुंडाशात खोचलेल्या.

मोठ्या माणसाचा जोडा त्या काळी वाजावाच लागायचा. करकर, करकर. माणूस दिसायच्या आधी आवाज यायचा, की पारावरची माणसं उठून उभी राहायची, ज्यांच्या पायात काही असेल ते काढून हातात घ्यायची. हा आवाज आपोआप येत नाही. जोड्याच्या दोन तळांच्या मध्ये कोरड्या चामड्याची एक पट्टी ठेवावी लागते. बाकी सगळ्या जोड्याला करंजीचं तेल पाजायचं, त्या पट्टीला तेलाचं बोटही लागू द्यायचं नाही. पाऊल दुमडलं की पट्टी घासते आणि बोलते. तेल लागलं की मुकी. एवढीच कारागिरी, पण आमच्या भागात ती एकट्या पणजाच्या हातात होती.

आजा बारा वर्षांचा असताना त्याचं लग्न झालं. एकुलता एक पोरगा. नवरदेव म्हणजे एक दिवसाचा राजा, असं सगळेच म्हणतात. पणजाने ते खरं मानलं. पोराच्या लग्नाच्या जोड्यात त्याने ती कोरडी पट्टी घातली.

वरात परत आली आणि आजा गावातून वाजत चालला. नेमका त्याच आठवड्यात मालगुजाराचा जोडा मुका झाला होता. गड्याने मालकाची मर्जी राखायला म्हणून जोड्याला रात्रभर करंजीच्या तेलात बुडवून ठेवलं होतं, तळापर्यंत. मालगुजाराला ते कळायचं कारण नव्हतं. त्याला एवढंच कळलं की आपल्या पायातला आवाज गेला आणि चांभाराच्या पोराच्या पायात आला.

पुढचं आजा सांगायचा तेव्हा खाटेवर उठून बसायचा.

"मले जोडा काढायला लावला. बाशिंग तसंच होतं डोक्यावर. मंग माह्या बापाले म्हणे, क्यों बे, माह्या जोड्याचा आवाज काढून पोराच्या जोड्यात टाकला काय?"

"मग?" मी विचारायची. मला पाठ होतं तरी विचारायची.

"मंग काय. माह्या बापानं हात जोडले अन् म्हणे, आवाज नाई काढला जी मालक. तुमच्या जोड्याले तेल लावलं कोणंतरी. मूर्खाचं काम आहे जी ते."

हीच आमच्या घराण्याची खोड. चार शिव्या खाऊन गप बसू, पण जोड्याबद्दल खोटं बोलता येत नाही. पाय धरून "चुकलो मालक" म्हणाला असता तर चार लाथांवर भागलं असतं. मालगुजाराने आजाचाच जोडा उचलला आणि पणजाच्या डोक्यावर हाणायला सुरुवात केली. पागोटं उडालं. मग नुसत्या डोक्यावर, कानशिलावर, तोंडावर. तळाला खिळे होते. पणजा गुडघ्यावर बसलेला, आणि त्याची सून, म्हणजे माझी आजी, आठ वर्षांची, हळदीच्या अंगाने तिथेच उभी.

"मी मोजले," आजा म्हणायचा. "चौतीस. चौतीस फटके बसले माह्या बापाले. अन् पाह्य तू जोडा, एक टाका उसवला नाई!"

हे सांगताना त्याची छाती पुढे यायची. मीही लहानपणी त्याच्यासारखीच फुशारायची. शाळेत एका पोरीला मी सांगितलं होतं, आमच्या पणजाने केलेला जोडा चौतीस फटक्यांनीसुद्धा फाटला नव्हता. डोक्याचं काय झालं, हे तिने विचारलं नाही आणि मलाही कित्येक वर्षं सुचलं नाही.

डोकं फुटलं होतं. पणजा जगला, पण उजवा डोळा गेला. एका डोळ्याने आरी चालेना. बरा झाल्यावर त्याने पोराला रापीवर हात ठेवायला लावला: आजपासून आपल्या घरातून आवाज निघणार नाही. आजाने तीच शपथ पुढे माझ्या बापाला घातली. दोघांनाही पट्टी घालता येत होती. दोघांनीही जन्मात घातली नाही. लग्नाचा जोडा पिशवीत गेला आणि पिशवी खुंटीला.

मी दहा वर्षांची असताना माय शेतावर गेलेली, आजा झोपलेला, बाप जामला. मी पाटावर पाट ठेवून ती पिशवी काढली. जोडा काळा पडला होता, दगडासारखा कडक झाला होता. पण बारा वर्षांच्या पोराचा जोडा तो, माझ्या पायात बरोबर बसला. मी अंगणात एक पाऊल टाकलं आणि तो बोलला. इतक्या वर्षांनी. करकर. मी अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. पाठ आपोआप सरळ झाली. कुडापलीकडून शेजारीण म्हणाली, "कोण पाटील आला वो?" मी मान डोलवली, अजून एक फेरी मारली.

त्या दिवशी बाप लवकर घरी आला. त्याने आवाज रस्त्यावरूनच ऐकला असणार, कारण तो धावत आला. मला वाटलं, खूश होऊन धावतोय. चामडं भिजवायच्या कुंडीतली ओली वादी त्याने उचलली ती मला दिसलीसुद्धा नाही. पाठीवर, पोटऱ्यांवर, मी पडल्यावर तळपायांवर. ओली वादी अंगाला चिकटते आणि निघताना कातडं घेऊन निघते. मी ओरडत होते आणि तो माझ्याहून मोठ्याने ओरडत होता, "काढ! काढ पायातलं!" कडक झालेला जोडा निघेना. त्याने एका हाताने तो ओढला आणि दुसऱ्या हाताने माझ्या डाव्या कानाखाली मारली. कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि त्याचं ओरडणं एकदम लांब गेलं.

कान महिनाभर वाहत होता. माय रोज कोमट तेल कानात सोडायची आणि बापाला शिव्या द्यायची. मधे एकदा बाप माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "तो आवाज गावात गेला असता तं?" मालगुजारी संपून जमाना झाला होता. मालगुजाराच्या घरात कुणी राहतही नव्हतं, भिंतींना पिंपळ उगवला होता. मी म्हटलं, "कोणाले जाते ऐकू?" तो उठून गेला.

मी शिकत गेले. आधी समुद्रपूर, मग वर्धा. एस.टी.च्या खिडकीत पुस्तक धरून दोन पदव्या घेतल्या, हे मी छाती फुगवून सांगते. बाप अडवायचा नाही. मी पास झाले की जामच्या चौकात तो जोडे शिवायला बसायचा तिथे येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगायचा. एम.ए.चा निकाल लागला आणि वर्ध्याच्या एका कॉलेजात जूनपासून तासिकेवर शिकवायला बोलावलं, तेव्हा तो म्हणाला, "बोल, काय पाहिजे तुले?"

"जोडा," मी म्हटलं. "तुम्ही केलेला. वाजणारा."

त्याने तोंडात मारली. चोवीस वर्षांच्या, एम.ए. झालेल्या पोरीच्या. माय मधे पडली तर तिलाही एक बसली.

"तुह्या पणजाचं टकुरं फुटलं त्या आवाजापायी!"

"ज्यानं फोडलं, त्यानं वाजणारा जोडा घालणं सोडलं होतं काय बाबा?" मी म्हटलं. "मंग आपणच काऊन सोडला?"

त्याने अजून एक मारली. पण तोंड त्याने पलीकडे वळवून घेतलं. मी ठरवलं, कॉलेजात पहिलं पाऊल टाकीन ते वाजणाऱ्या जोड्यात. नाहीतर शिकवून राहिलंच आहे जग, अजून एक मास्तरीण नसली तरी चालेल. मूर्खपणा असेल. पण माझं असं ठरलं होतं, आणि घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

हे एप्रिलमधलं. पंधरा दिवसांनी मी बापाचा डबा घेऊन जामला गेले. सकाळची वेळ, हायवेला लागून भाजीच्या गाड्या उतरत होत्या. बापाच्या बसायच्या जागेसमोर एक भाजीचा ठोक व्यापारी होता, त्याचं मोठं दुकान. आदल्या दिवशी त्याने चपलेचा पट्टा शिवून घेतला होता आणि तो पुन्हा तुटला होता. मी पोचले तेव्हा तो चप्पल हातात नाचवत होता आणि हमाल, गाडीवाले, सगळे थांबून बघत होते.

"कसा शिवला बे म्हाताऱ्या? एक दिवस नाई टिकला!"

बापाने चप्पल हातात घेतली, उलटी केली, पट्टा बोटाने ताणून बघितला. मला आतून कळलं आता हा काय बोलणार. मी धावायला लागले.

"टाका मजबूत आहे भाऊ," बाप शांतपणे म्हणाला. "पाहा ना. बाजूचं कातडं कुजलं तुमचं. स्वस्तातला माल आहे."

लोक हसले. व्यापाऱ्याने चप्पल हिसकली आणि बापाच्या तोंडावर हाणली. मग डोक्यावर. मग पुन्हा तोंडावर. बापाचा चष्मा उडाला, नाकातून रक्त आलं. बाप पासष्टीचा, पण हात अजून लोखंडाचे. तो हात उचलू शकला असता. त्याने ते मांडीवर ठेवले होते. आणि त्याचे डोळे, मी अगदी समोरून पाहिले, त्या माणसाकडे नव्हते. चपलेकडे होते. प्रत्येक फटक्याबरोबर वर जात होते, खाली येत होते. आपला टाका उसवतो की नाही, ते बघत होता.

तो मार मला बघवला असता. ते डोळे बघवले नाहीत. डबा टाकला, बापाजवळचं सागाचं कलबूत उचललं आणि त्या माणसाच्या भुवईवर घातलं. तो "आई गं" म्हणून खाली बसला. चप्पल अजून हातात होती म्हणून दुसरा घाव मनगटावर घातला. रक्त त्याच्या डोळ्यात, शर्टावर, पत्ताकोबीच्या पोत्यावर. मग मला एकाने केसांना धरून मागे ओढलं, दुसऱ्याने पोटात लाथ घातली, मी पडले आणि पडल्या पडल्या एकाच्या नडगीला चावले. तोंडात त्याच्या पँटचं कापड आणि माती आली. अजून तीन-चार लाथा बसल्या. एक बरगडी दोन महिने दुखत होती.

तेवढ्यात सगळे एकदम मागे सरकले. बाप उभा होता, हातात रापी. ती तो रोज सकाळी दगडावर घासायचा, त्या चौकात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"पोरीले सोडा," तो म्हणाला. फार हळू म्हणाला.

सोडलं.

त्या दिवशी घरी येऊन मी तक्रार लिहिली. कायद्याच्या कलमांसकट दोन पानं. बापाने वाचून घेतली, दोनदा, आणि सही केली नाही. "तुह्यावर उलटी केस टाकतीन. जून महिन्यात तुले कॉलेजात जायचं आहे." व्यापारीही पोलिसात गेला नाही, पोरीने फोडलं असं त्याला लिहून द्यावं लागलं असतं. ती दोन पानं माझ्याकडे अजून आहेत आणि मी ती नेली नाहीत, हे मला अजून पटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी कलबूत हातात घेऊन माझ्यासमोर बसला.

"किती टाके पडले म्हणे त्याले?"

"सात."

"हं. कलबुताले भेग पाडली तू. माह्या बापाचं होतं." मग म्हणाला, "पाय आण इकडे."

त्याने काडी घेतली नाही. माझा पाय घोट्याला धरून मांडीवर ओढला, इतक्या जोरात की मी मागे भिंतीवर आदळले. पुठ्ठ्यावर पाय दाबून धरला आणि पेन्सिल फिरवली.

"बाबा, तुम्ही तवा त्याच्याकडे काऊन नाई पाह्यलं? चपलेकडे काऊन पाहत होते?"

"टाका पाहत होतो," तो म्हणाला. पेन्सिल टाचेवरून वळवली. "नाई उसवला."

जोडा करायला त्याला बारा दिवस लागले. चष्मा फुटलेला, नवा यायचा होता. तांबूस चामडं, चपट्या टाचेचा, पुढे हलकी चोच. असा जोडा वर्ध्याच्या कोणत्याही दुकानात मिळणार नाही. त्याने तो माझ्यासमोर ठेवला, माय बाजूला येऊन उभी राहिली. मी पाय घातले, ओसरीवरून अंगणात उतरले, चालले. मऊ जोडा. एकदम मऊ.

वाजला नाही.

कुंपणापर्यंत जाऊन परत आले. काहीच नाही. मायने मला डोळ्याने खुणावलं, गप राहा. बाप माझ्या तोंडाकडे बघत होता. "फार छान झाला बाबा" एवढं म्हटलं असतं तर त्या दिवशी आमच्या घरात गोड झालं असतं.

"बाबा, वाजत नाई," मी म्हटलं. "तेल लागलं पट्टीले."

त्याचा हात वर गेला. मी डोळे मिटले नाहीत, मानही वळवली नाही. मारायचं असेल तर चांगल्या कानावर मार, म्हणून उभी राहिले. हात तसाच राहिला. मग खाली आला, ठोकळ्यावरची रापी उचलली आणि दांडा माझ्याकडे करून पुढे धरली.

"काढ मंग. पाहू."

मी अंगणात बसून त्याचे टाके कापले. त्याच्या देखत, एक एक. जन्मात त्याचा टाका कुणी उसवला नव्हता, आणि रापी चामड्यातून जाताना कर्रकन वाजायची तेव्हा तो दर वेळी दात आवळायचा. तळ उघडला. पट्टी होती, बरोबर जागेवर होती, आणि तेलाने काळीभोर होती.

तो तिच्याकडे बघत राहिला. "म्या नाई लावलं," म्हणाला. मग स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "हात गेला असंन. पन्नास वर्षं झाली, प्रत्येक कातड्याले तेल... हात आपोआप गेला असंन."

मी नवी पट्टी कापली. मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हात ती टिनावर चार दिवस पडून होती, पापडासारखी वाळली. जोडाही उलटा करून वाळवला. मग मीच शिवला. आरीने दोनदा बोट फोडून घेतलं. बाप शेजारी बसून होता, हात पाठीमागे बांधून. मुद्दामच बांधून बसला होता, पुन्हा तेलात जायला नकोत म्हणून. शेवटचा टाका झाल्यावर त्याने जोडा उजेडात धरला.

"दोन टाके वाकडे आहेत."

"हौ. आहेत."

"राहू दे," तो म्हणाला. "चालून दाखव."

जूनमध्ये पहिल्या दिवशी जामला वर्ध्याची बस पकडायला गेले. बाप आधीच जागेवर बसला होता. त्याने मला ओळख दाखवली नाही, समोरच्या माणसाच्या बुटाला टाका घालत राहिला. बस यायला वेळ होता. व्यापारी त्याच्या दुकानात गादीवर होता, भुवईवर गुलाबी रेघ. मी थांब्यावरून निघाले आणि त्याच्या दुकानासमोरून गेले. करकर, करकर. त्याने मान वर केली, मला बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं. हमालांनीही बघितलं. कोणी उठून उभं राहिलं नाही. कोणी हसलंही नाही. बापाचा हात टाक्यावर थांबला होता.

दुकान संपलं तिथून मी वळले आणि परत आले. मग पुन्हा गेले. जाताना माझा चांगला कान दुकानाकडे असायचा, येताना फुटका. बस येईपर्यंत मी तिथे फेऱ्या घालत होते.